वडिलांना यूपीआय शिकवण्याआधी त्यांचं पासबुक एकदा उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक, आईबरोबर कराडला राहतात. तुम्ही पुण्यात. चांगला फोन घेऊन दिलाय, व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब झकास चालवतात, पण यूपीआयचं नाव काढलं की "मला नको ते." महिन्यातून दोनदा रिक्षा करून बँकेत जातात, स्लिप भरून पैसे काढतात, पासबुक भरून आणतात. तुम्ही विचारलंय, त्यांना पटवू कसं? आणि नाहीच पटलं तर त्यांचं खातं माझ्याच फोनवर घेऊन सगळे व्यवहार मीच बघू का?

मी १९९३ साली बँकेत लागलो आणि २०२४ ला निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं शाखाधिकारी होतो, नोकरी जवळजवळ सगळी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात झाली. आता दर गुरुवारी आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात टेबल मांडून बसतो. कुणाचा फोन अडकलाय, कुणाला मेसेज आलाय, कुणाला पेन्शनची एंट्री कळत नाही, ते बघतो. म्हणजे तुमच्या वडिलांसारखी माणसं मी आधी काउंटरच्या आतून पाहिली आणि आता बाहेरून पाहतोय. मीही त्याच वयाच्या रांगेत उभा आहे म्हणा.

त्या अनुभवावरून सांगतो, "पटवू कसं" हा प्रश्नच मला जरा बाजूला गेलेला वाटतो. जो माणूस यूट्यूबवर भजनं शोधून लावतो, ग्रुपवर फोटो टाकतो, त्याला क्यूआर स्कॅन करायला येणार नाही असं नाही. यूपीआयच्या पायऱ्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवण्यापेक्षा कमीच आहेत. त्यांना जमत नाही म्हणून ते नको म्हणत नाहीत. त्यांना काहीतरी खटकतंय, आणि काय खटकतंय ते त्यांना नेमक्या शब्दांत सांगता येत नाही, म्हणून "मला नको ते" एवढंच बाहेर पडतं.

काय खटकतंय ते सांगायला मला बँकेतलीच एक पद्धत सांगावी लागेल. बँकेत कुठलीही एंट्री एकट्या माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. एकजण एंट्री घालतो तो मेकर, दुसरा तपासून पास करतो तो चेकर. मी शाखाधिकारी असतानासुद्धा माझी एंट्री मला पास करता येत नव्हती. माणूस चोर आहे म्हणून ही पद्धत नाही, माणूस चुकतो म्हणून आहे. आता तुमच्या वडिलांकडे बघा. ते स्लिप भरतात, आत बसलेली बाई ती बघते. तारीख चुकली, अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम जुळली नाही, सही हलली, तर ती स्लिप परत देते. "सर, इथे परत सही करा." त्यांच्या चुकीला अडवायला एक माणूस तिथे बसलेला असतो. फोनवर मात्र मेकरही तेच आणि चेकरही तेच. चार आकडे दाबले की हिरवी टिकटिक, संपलं. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, निकालपत्रक दुसऱ्या शिक्षकाकडून पडताळून घेतलं, त्याला ही व्यवस्था अर्धवट वाटली तर त्यात मागासलेपण कसलं? माझ्या मते त्यांना पडलेला प्रश्न रास्त आहे. चेकर कुठाय?

याचं उत्तर तुम्ही तयार ठेवलंत तर पटवायची वेळ फारशी येत नाही, असा माझा अनुभव आहे.

पण पुढे जाण्याआधी, काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून कळणार नाहीत. वडिलांची नजर कशी आहे? हात थरथरतो का? अलीकडे विसरायला होतंय का, म्हणजे चष्मा कुठे ठेवला असलं नाही, तर तोच प्रश्न तासात तीनदा विचारणं? तसं असेल तर यूपीआय विसरा, आधी डॉक्टर. दुसरं, पेन्शनचं खातं एकट्याच्या नावावर आहे की आईबरोबर जोडखातं? तिसरं, मुदत ठेवी त्याच बँकेत आहेत का? आणि चौथं, बँक घरापासून किती लांब आहे, आणि तिथे जाणं त्यांना त्रासाचं वाटतं की आवडतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलं बहुतेक वेळा चुकीचं देतात.

आमच्या शाखेत एक गृहस्थ दर सोमवारी यायचे. खात्यात काही हालचाल नसली तरी पासबुक मशीनमध्ये घालायचे. मशीन "नवीन नोंद नाही" म्हणायचं, ते पासबुक पिशवीत ठेवायचे आणि एसीखाली अर्धा तास बसायचे. तिथे त्यांचे दोन जुने सहकारी भेटायचे. मग तिघं मिळून समोरच्या टपरीवर चहा प्यायचे. त्यांच्या मुलाने एकदा मला फोन करून तक्रार केली, की बाबांना एवढ्या उन्हात यायला लावता, ऑनलाइन का शिकवत नाही? त्याला काय सांगणार? बाबा बँकेत येत नव्हते, बाबा घराबाहेर पडत होते. तुमचे वडील महिन्यातून दोनदा रिक्षा करून जातात ते कशासाठी, हे एकदा त्यांच्याबरोबर जाऊन बघा. मोडायचीच असेल तर ती फेरी कशाच्या बदल्यात मोडतोय हे माहीत हवं.

आणि इथे एक कबुलीही देऊन टाकतो. शेवटच्या सात-आठ वर्षांत आम्ही बँकवाल्यांनीच या माणसांना काउंटरवरून हुसकावलं. वरून विचारणा व्हायची, शाखेतले किती टक्के व्यवहार काउंटरबाहेर गेले? मग आम्ही पासबुकावर बारकोड चिकटवून माणसं मशीनकडे पाठवली, छोट्या रकमेची स्लिप आली की "एटीएममधून काढा ना काका" म्हणालो. मीही म्हणालोय. शिकवायला मात्र कुणाला वेळ नव्हता. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी झाली त्या हिवाळ्यात रांगेत उभ्या असलेल्या लोकांच्या फोनवर आम्ही धडाधड अ‍ॅपं टाकून दिली. भीम अ‍ॅप त्याच वर्षी ३० डिसेंबरला आलं. अनेकांचा पिन आमच्या पोरांनीच टाकला, तोही जन्मसाल. आज त्यातले कितीतरी लोक "आम्ही एकदा घेतलं होतं, नको वाटलं" म्हणतात. हे त्यांच्यापेक्षा आमचं अपयश जास्त.

आता चेकरकडे येतो. फोनवर माणूस चेकर ठेवता येत नाही, पण चूक झालीच तर ती लहान राहील अशी बांधणी करता येते. माझी पद्धत अशी: पेन्शनच्या खात्यावर यूपीआय घ्यायचंच नाही. घरखर्चासाठी एक वेगळं छोटं बचत खातं काढायचं, शक्यतो आईबरोबर जोडखातं, आणि यूपीआय फक्त त्या खात्याला. पेन्शन जमा झाली की दर महिन्याला ठरावीक रक्कम, समजा सहा हजार, आपोआप तिकडे जाईल अशी स्थायी सूचना शाखेत लेखी देऊन ठेवायची. बँकेत तिला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात, सगळ्यांना माहीत असतं. किमान शिल्लक किती ठेवावी लागते तेवढं विचारून घ्या.

यामुळे काय होतं? वडिलांनी काहीही दाबलं, कुणीही फसवलं, फोन एसटीत राहिला, तरी त्या खात्यात असेल तेवढंच जाणार. आयुष्याची पुंजी एका बोटाच्या अंतरावर नाही, हे त्यांना आकड्यात सांगता येतं. "बाबा, जास्तीत जास्त सहा हजार जातील" हे वाक्य "बाबा, काही होत नाही हो" यापेक्षा फार वेगळं आहे. दुसरं वाक्य खोटं आहे आणि त्यांना ते खोटं आहे हे कळतं. पेपरात रोज वाचतात ते.

इथे एक अडचण आहे, ती सांगायलाच हवी. दोन्ही खात्यांना मोबाइल नंबर एकच असतो, त्यामुळे अ‍ॅपमध्ये पेन्शनचं खातंही जोडता येण्यासारखं असतं. पण पिन तयार करायला त्या खात्याचं डेबिट कार्ड किंवा आधारचा ओटीपी लागतो. पेन्शन खात्याच्या कार्डाचे ऑनलाइन व्यवहारही बंद ठेवा, कार्डाची ही कळ चालू-बंद करायची सोय बँकांनी देणं बंधनकारक आहे. काही बँका खात्यावरचं यूपीआयच बंद ठेवू देतात, शाखेत विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेन्शन आणि ठेवी असलेल्या बँकेचं मोबाइल बँकिंग अ‍ॅप त्यांच्या फोनवर टाकू नका. लोक यूपीआयला घाबरतात, पण यूपीआयने मुदत ठेव मोडता येत नाही. मोबाइल बँकिंगमध्ये बऱ्याच बँकांत ती घरबसल्या मोडता येते. फोनचा ताबा दुसऱ्याकडे गेला की ठेव मोडून पैसे बचत खात्यात, आणि तिथून पसार. मोठी रक्कम गेल्याची प्रकरणं माझ्या टेबलावर आली त्यात हा रस्ता परत परत दिसला.

आता पासबुकाविषयी, कारण शीर्षकात मी ते मुद्दाम घातलंय. वडिलांचं पासबुक उघडून बघा. बहुतेक महिन्यांत चार-पाच ओळी असतील: पेन्शन जमा, रोख काढली, वीजबिल, ठेवीचं व्याज. काही जण त्यावर पेन्सिलने बारीक टिका करतात. हा माणूस महिन्याचा हिशोब एका नजरेत वाचतो. त्याला तुम्ही यूपीआय दिलंत की त्याच पासबुकात कोथिंबीर दहा रुपये, रिक्षा चाळीस, चहा वीस, अशा साठ ओळी येतात, आणि प्रत्येक ओळीत बारा आकडी क्रमांक आणि अर्धवट कापलेलं नाव. दोन महिन्यांत पासबुक संपतं. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते, यूपीआय उत्तम यायचं, तरी म्हणाले, "बंद करून द्या, माझा हिशोब वाचता येईनासा झालाय." ही कुरबूर मुलांच्या डोक्यात येतच नाही, कारण मुलांनी पासबुक उघडूनच दहा वर्षं झालेली असतात.

वेगळं खातं काढलं की हा प्रश्न निम्मा सुटतो, मुख्य पासबुक स्वच्छ राहतं. उरलेला निम्मा यूपीआय लाइटने सुटतो. हे म्हणजे फोनमधला खिसा समजा. त्यात खात्यातून एकदाच पैसे भरायचे, जास्तीत जास्त पाच हजार, आणि एका वेळी हजार रुपयांपर्यंतचे व्यवहार त्यातून करायचे. पासबुकात फक्त भरल्याची एक ओळ येते, कोथिंबीर येत नाही. पिनही लागत नाही. पिन लागत नाही हीच त्याची कमजोर बाजू, फोन उघडा मिळाला तर तो खिसाही उघडाच. म्हणून त्यात हजार-पंधराशेच ठेवायचे आणि फोनला लॉक पाहिजेच. काही ज्येष्ठांना पिन नसणं धोक्याचं वाटतं, त्यांच्यावर लाइट लादू नका. माझ्या गुरुवारच्या मंडळींत साधारण निम्म्यांना ते आवडलं, निम्म्यांना नाही.

यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ मध्ये आली, तीही तुमच्या कानावर आली असेल. तुमच्या खात्यातून वडिलांना खर्च करू द्यायचा, महिन्याची मर्यादा तुम्ही ठरवायची, ती पंधरा हजारांच्या आत. कागदावर सुरेख. पण ज्या माणसाची स्वतःची पेन्शन आहे, त्याने चहाचे वीस रुपये दिले की पुण्यात मुलाच्या फोनवर टिंग वाजणार, हे त्याला रुचेल का याचा विचार करा. मला नाही रुचणार. नवऱ्याच्या छोट्या खात्यावर बायकोला घेण्यासाठी मात्र मी ती दोन-तीन घरांत लावून दिली, तिथे बरी चालली आहे.

आईंचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण तुमच्या प्रश्नात आई फक्त पत्त्यापुरती आली. घरात "बाबांचे पैसे" असतात, "बाबांची बँक" असते, आणि आई भाजीचे पैसे बाबांकडून घेते. मग एक दिवस बाबा जातात. मी काउंटरच्या पलीकडे बसून हे इतक्या वेळा पाहिलंय की सांगवत नाही. पंचेचाळीस वर्षं संसार केलेली बाई, तिला खातं कुठल्या शाखेत आहे एवढंच माहीत, स्लिप कुठे सही करायची ते माहीत नाही, आणि शेजारी उभा असलेला पुतण्या "काकू, इथे अंगठा करा" म्हणतोय. तिला सही येत होती हो! तिला विचारलंच नव्हतं कुणी. म्हणून मी म्हणतो, नवं छोटं खातं जोडखातंच काढा, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचं, आणि यूपीआय आधी आईंना शिकवा. तसंही माझ्या टेबलावर बायका लवकर शिकतात. त्यांना "मला हे येत नाही" म्हणायला लाज वाटत नाही, आणि अर्धा खर्च त्यांच्याच हातून होत असल्याने सराव रोजचा होतो. शिवाय आईने भाजीवाल्याकडे टुणकन स्कॅन केलं की आठवड्याभरात वडील चष्मा लावून शेजारी येऊन बसतात. मास्तर माणूस, वर्गात मागे पडलेलं चालत नाही त्यांना.

शिकवताना एकच पथ्य: फोन त्यांच्या हातात राहिला पाहिजे. मुलं काय करतात, "द्या इकडे" म्हणून फोन घेतात, चार ठिकाणी टकटक करतात आणि "बघा, किती सोपंय" म्हणून परत देतात. ते तुमच्यासाठी सोपंय. तुम्ही दोन्ही हात मागे बांधून बसा आणि तोंडाने सांगा. अ‍ॅपची भाषा मराठी करून घ्या, भीममध्ये ती आहे. अक्षर मोठं करा. पायऱ्या त्यांनी त्यांच्या अक्षरात वहीत लिहाव्यात, तुम्ही लिहून दिलेला कागद हरवतो. मग आई-बाबांनी तुम्हाला एक-एक रुपया पाठवायचा, वीस वेळा. एकदा मुद्दाम चुकीचा पिन टाकायला लावा, म्हणजे चुकीच्या पिनने जग बुडत नाही हे दिसतं. एकदा नेट बंद करून व्यवहार अडकवून दाखवा. खरी घाबरगुंडी तिथेच उडते, चाक फिरत राहतं आणि पैसे गेले की नाही कळत नाही, मग माणूस परत पाठवतो आणि दोनदा जातात. नियम सांगा: अडकलं की परत पाठवायचं नाही, बँकेचा मेसेज बघायचा, दुकानदाराला थांबा म्हणायचं.

आणि नाव वाचायला शिकवा. २०२५ पासून अ‍ॅपने बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवणं सक्तीचं आहे, आपण फोनमध्ये "दूधवाला" म्हणून साठवलेलं नाही. पिन टाकण्याआधी ते नाव मोठ्याने वाचायचं, दुकानदाराला ऐकू जाईल असं. "अमुक अमुक पाटील, बरोबर ना?" तो हो म्हणाला की पिन. बघा, मिळाला की नाही चेकर? ही युक्ती मी गुरुवारी सांगितली तेव्हा एक निवृत्त तलाठी म्हणाले, "एवढं आधी का नाही सांगितलं, हे तर पंचनाम्यासारखंच झालं."

पहिले दोन महिने ओळखीच्या तीनच ठिकाणी वापरा: किराणा, औषधाचं दुकान, दूध. अनोळखी रिक्षावाला, जत्रा, पेट्रोल पंप नंतर. वडील एसटीने जात असतील तर तिथे मात्र लवकर फायदा दिसेल. एकाहत्तर म्हणजे अर्धं तिकीट, आईंनाही अर्धं, आणि अर्ध्या तिकिटाची रक्कम नेहमी अशी विचित्र येते की कंडक्टर "सुट्टे द्या" म्हणून अंगावर येतो. आता बऱ्याच गाड्यांत कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय चालतं. सुट्ट्याची कटकट हे तुमच्या शंभर कारणांपेक्षा मोठं कारण आहे. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकटच आहे म्हणा, मग तेही कारण जाईल.

फसवणुकीबद्दल लांबलचक यादी देऊ नका. पंधरा सूचनांचा कागद फ्रिजवर लावला की एकही लक्षात राहत नाही. मी तीनच वाक्यं पाठ करून घेतो. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच नाही. जो घाई करतो त्याचा फोन ठेवायचा, मग तो बँकेचा असो, पोलिसांचा असो की वीज मंडळाचा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडायची नाही, भाच्याची लग्नपत्रिका असली तरी आधी भाच्याला फोन. हे तिसरं नवीन आहे. पत्रिका, वाहनाचा दंड, पीएम किसानची यादी अशा नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल येते, उघडली की फोनमधले ओटीपी परस्पर दुसरीकडे जायला लागतात. त्याशिवाय १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यात लिहा. पैसे गेले की आधी तिकडे फोन, मग बँक, मग मुलगा. पहिला तास फार महत्त्वाचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

यूपीआय वापरत नाहीत म्हणून वडील सुरक्षित आहेत असंही समजू नका बरं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. एक वयस्कर गृहस्थ ठेव मोडायला आले. एरवी अर्धा तास गप्पा मारणारा माणूस, त्या दिवशी बोलेना. खिशातला फोन उजळलेला, कॉल चालू. आमच्या काउंटरवरच्या मुलीला शंका आली, तिने कागदावर लिहून पुढे सरकवलं, "कुणी धमकावतंय का?" त्यांनी नुसती मान हलवली. पलीकडचा त्यांना सांगत होता, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कुणाशी बोललात तर मुलाला उचलू. डिजिटल अटक असा काही प्रकार आपल्या कायद्यात नाही, पंतप्रधानांनीही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं. पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. त्या गृहस्थांच्या फोनवर यूपीआय नव्हतं. लुटणाऱ्याला त्याची गरजच नव्हती, त्याने माणूसच शाखेत पाठवला होता. त्या दिवशी काउंटरवर चेकर बसलेली होती म्हणून वाचले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मीच सगळं बघू का? यूपीआय ज्या सिमवर नोंदलेलं, ते सिम त्याच फोनमध्ये लागतं. म्हणजे वडिलांचं खातं तुमच्या फोनवर घ्यायचं तर त्यांचं सिम तुमच्या फोनमध्ये येणार. बऱ्याच घरांत असंच केलेलं असतं. मग पेन्शन जमा झाल्याचा मेसेज पुण्यात, गॅसचा ओटीपी पुण्यात, आधारचा पुण्यात. कराडला सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा, आणि तुम्ही मीटिंगमध्ये. हा झाला गैरसोयीचा भाग. कायद्याचा भाग जास्त जड आहे. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं, की ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. पण पिन दुसऱ्याला सांगितला तर ते निष्काळजीपण धरलं जातं, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. हा "दुसरा" म्हणजे पोटचा मुलगाही असू शकतो.

अपवाद आहेत. वडील अंथरुणाला खिळले, नजर गेली, विसरायला लागले, तर कुणालातरी बघावंच लागतं. पण तेव्हाही सिम पळवू नका. जोडखात्यात नाव घाला, किंवा रीतसर अधिकारपत्र करा. वय सत्तरच्या वर आहे, तेव्हा घरी येऊन रोख देणं-घेणं, हयातीचा दाखला घेणं अशा सेवांबद्दल शाखेत विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ पासूनच्या सूचना आहेत. शाखेत तोंडाने विचारलं तर कुणी खांदे उडवेल, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि त्याच फेरीत सगळ्या खात्यांवर, ठेवींवर वारसाचं नामांकन आहे का ते तपासून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामांकन करता येतं. यूपीआय आलं नाही तर तुमच्या घराचं काही अडणार नाही, नामांकन नसेल तर अडेल.

आणि हे सगळं करूनही वडील "मला नको" म्हणाले तर? तर नको. पाचशेच्या नोटा कायदेशीर चलन आहेत. आई शिकल्या, दोघांचं एक खातं चालू झालं, तेवढ्यावर घर चालतं. माझ्या टेबलावरच्या एका काकांनी आठ महिने नाही म्हटलं, नवव्या महिन्यात बायको माहेरी गेली तेव्हा गपचूप येऊन शिकून गेले.

एक शेवटचं. समजा त्यांनी सुरू केलं, तर पहिल्या महिन्यात एक चूक होणार हे धरून चाला. तीनशेचे तीन हजार होतील, किंवा दूधवाल्याला दोनदा पैसे जातील. फोन येईल तेव्हा तुम्ही कामात असाल, आणि तोंडात पहिलं वाक्य येईल ते "अहो बाबा, मी सांगितलं होतं ना!" ते गिळा. माझ्या धाकट्या भावाला गिळता आलं नाही, आमच्या वडिलांनी त्याच दिवशी फोन कपाटात ठेवला तो ठेवलाच. दूधवाला ओळखीचा आहे, पुढच्या महिन्याच्या बिलात वळते करून घेईल. वडिलांना म्हणा, वहीत लिहून ठेवा, जादा गेले अमुक, तारीख अमुक, आणि त्याची सही घ्या.